डब्यावर चिकटवलेला कागद

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझा स्वभाव आता गोड राहिलेला नाही. माझ्यातली बिस्किटं संपली तेव्हा सलूनच्या म्हाताऱ्या मालकांनी माझ्या झाकणाला चीर पाडली आणि मला आरशाखाली ठेवलं. "हा मावशींचा," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मावशी म्हणजे दुकानातले केस झाडणाऱ्या, टॉवेल धुणाऱ्या बाई. दाढी झाली की गिऱ्हाईक एखादं नाणं माझ्यात टाकायचं. शनिवारी मालक मला मावशींच्या ओंजळीत रिकामा करायचे. किती निघाले, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

म्हातारे गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. त्याच सुमारास लोकांच्या खिशातले सुटे पैसेही गेले. फोन काढला, टिंग वाजलं, की पैसे पोचले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुट्यांची कटकट मिटली, गिऱ्हाईक वाढलं, दुकानात नवी खुर्ची आली. माझं पोट मात्र खपाटीला गेलं. मावशींना तेव्हा चष्मा हवा होता. पांढऱ्या फरशीवरचे पिकलेले केस त्यांना दिसत नव्हते आणि मुलगा रोज खेकसायचा, "मावशी, इकडे राहिलंय. असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल."

पुढे त्याने जे केलं त्याची मला अजून शिसारी येते. एका सकाळी त्याने काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद माझ्या पोटावर चिकटवला. वर लिहिलं, 'मावशींसाठी'. गिऱ्हाइकं माझ्यासमोर फोन धरायची, मावशी बिचाऱ्या हसून मान डोलवायच्या आणि टिंग वाजायचं मुलाच्या खिशात. शनिवारी तो म्हणायचा, "लोक कटिंगचेच पैसे भरतात हो तिथे. वरचं हल्ली कोण देतंय?" लाज कोळून प्यायला होता मेला. आणि हे सगळं माझ्या अंगावर चाललं होतं.

शेवटी एक जुने मास्तर दाढीला आले. मावशी फरशीवर वाकून हाताने केस चाचपत होत्या. मास्तर म्हणाले, "मावशी, चष्मा केला नाहीत अजून? मी तर वर्षभर दर वेळी तुमच्या डब्यावर वेगळे पैसे टाकतोय."

मावशी म्हणाल्या, "कुठे गेले ते वाचून दाखवा बरं."

मास्तरांनी फोनवरचं नाव मोठ्याने वाचलं. ते मुलाचं होतं.

"एकाच खात्यात घेतो काका, सोपं पडतं," मुलगा वस्तरा पुसत म्हणाला.

मावशींनी ओला टॉवेल माझ्या पोटावर धरला. कागद भिजल्यावर नखाने सोडवला, जराही न फाडता, आणि मुलापुढच्या आरशावर थापला. "हा तुमचा. डबा माझा आहे, मोठ्या मालकांनी दिलेला," असं म्हणून त्यांनी मला काखेत मारलं आणि त्या पायऱ्या उतरल्या.

आता मी त्यांच्या ओट्यावर असतो. मावशींना अजून दुसरं काम मिळालेलं नाही. त्या कागदाचा डिंक माझ्या पोटाला तसाच आहे. मावशी तो रोज घासतात. डाग त्यांना दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपून घासतात.

मित्रांनो, फोनने द्या नाहीतर हाताने द्या. फक्त टिंग कुणाच्या खिशात वाजलं, तेवढं वळून बघत जा.