नातवाच्या कानाची रेघ

“बाबा, आला! हा बघा, उंचवटा आला!” लेकीने पडद्यावर बोट टेकवलं.

“जरा दम धर,” तिचा मेकॅनिक बाप म्हणाला.

तिच्या मांडीवर तान्हा नातू गाढ झोपला होता. कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवलेल्या, कानात टकटक आवाज सोडणारी नळी. बाळाला ऐकू येत नाही असं दवाखान्यातल्या तपासणीत निघालं, तेव्हा मेकॅनिकने सगळं खापर मशीनवर फोडलं होतं. असली मशीनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. त्यांच्या खोड्या त्याला जावयाच्या खोड्यांपेक्षा जास्त ठाऊक. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याने लेकीला आणि नातवाला वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि दवाखान्यातून आणलेल्या त्याच मशीनला आपला ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडला. ती दोघं यायच्या आधी वायरी आणि नळी स्वतःला लावून पाहिली. त्याच्या म्हाताऱ्या कानाचासुद्धा, ऐकू आल्याची खूण असलेला उंचवटा ठसठशीत उमटला. मशीन ठणठणीत होतं. तिथेच त्याची पाचावर धारण बसली, पण लेकीला तो काही बोलला नाही.

एका टकटकीने काही कळत नाही, रेघ नुसती वळवळते. म्हणून ॲव्हरेजिंग लावायचं. टकटक पुन्हा पुन्हा होते आणि स्कोप सगळ्या रेघांची सरासरी काढतो. उगाचची वळवळ आपापसात जिरून जाते. कानाने खरंच दाद दिली असेल तर तेवढीच उरते. मोजक्या रेघांवर मात्र भलतेसलते उंचवटे दिसतात.

लेकीला दिसलेला उंचवटा सोळा टकटकींचा होता. इथेच थांबावं असं त्याला फार फार वाटलं. मग त्याने आकडा हजारावर नेला.

“बाबा, तो बसतोय खाली. आवाज वाढवा ना.”

“पूर्ण वाढवलाय गं.”

रेघ निवळत गेली आणि सरळ झाली. इतकी स्वच्छ रेघ पाहून एरवी तो खूश झाला असता. आज त्याच्याने ती बघवेना.

“मशीन बिघडलंय ना? तुम्हीच म्हणाला होतात.”

“नाही बाळा. उगाच म्हणालो मी.”

तिने बाळाच्या कानामागची वायर चाचपून पाहिली. मग म्हणाली, “ते सरासरीचं बंद करा. मघाचं लावा, हलणारं.”

“त्यात काही नसतं गं.”

“असू दे.”

त्याने बटण दाबलं. रेघ पुन्हा वळवळू लागली. लेक पुढे सरकली आणि त्या वळवळीत डोळे ताणून काहीतरी शोधू लागली. नळी नातवाच्या कानात टकटकत होती, आणि मशीन बंद करायला मेकॅनिकचा हात धजेना.