दुकान सोमवारी उघडेल

आमच्याकडे दुपारचा एक वाजला तेव्हा न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र झाली आणि आमचा गेम तिथे विक्रीला खुला झाला. दोन तासांनी ऑस्ट्रेलिया, मग जपान, असं करत करत पाळी आमच्यापर्यंत यायची होती.

उत्तरेकडच्या थंड टाम्पेरे शहरातल्या जुन्या कापडगिरणीत, पायात लोकरी मोजे घालून आम्ही पाच वर्षं तो बनवत होतो. माझं काम एकच, गेम अडखळू द्यायचा नाही. उन्हाळ्यात मी खेळाडूंच्या फोरमवर स्वतःच्या नावाने लिहून बसले होते, ‘जुन्या कंप्युटरवरही सुरळीत चालेल, माझा शब्द.’ नसती हौस, दुसरं काय!

एक वाजून दहा मिनिटांनी पहिली तक्रार आली. दर चार सेकंदांनी चित्र गोठतंय. मग दुसरी आली, आणि बघता बघता चाळीस झाल्या.

“आपल्याकडे तर मस्त चाललाय,” रायमो माझ्या स्क्रीनवर वाकून म्हणाला. रायमो आमचा स्टुडिओप्रमुख आणि माझा बावीस वर्षांपासूनचा मित्र. “त्यांच्या मशीन भंगार असतील, तैना.”

“चाळीसच्या चाळीस?”

“मग काय असेल?”

एक शंका मला आधीपासून होती. मी ऑफिसची केबल उपटली, मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि गेम पुन्हा सुरू केला. एक, दोन, तीन, चार. चित्र गोठलं. पुन्हा चार मोजले, पुन्हा गोठलं.

“दुकान,” मी म्हणाले.

गेममधलं हे दुकान गेमला पैसा पुरवणाऱ्या प्रकाशकाच्या हट्टापायी शेवटच्या महिन्यात घुसडलं होतं. रंगीत झगे, चकचकीत तलवारी, सगळं खऱ्या पैशांत. समीक्षकांना पाठवलेल्या प्रतीत ते नव्हतंच, म्हणून त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. गेम दर चार सेकंदांनी दुकानाला विचारतो, नवीन काय आलं? आणि उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही. ऑफिसच्या केबलवर गेम आमच्या चाचणीच्या दुकानाला विचारायचा, त्याचा सर्व्हर खाली तळघरात, तिथून उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. खऱ्या दुकानाचा सर्व्हर समुद्रापार होता, आणि त्याच्याशी जोडून आम्ही कोणीच बघितलं नव्हतं.

दुकान घालायचं ठरलं त्या बैठकीतच हे बोलायला हवं होतं. रायमोने विचारलंही होतं, कोणाची हरकत? आमच्याकडे कोणी बोललं नाही की सगळ्यांचा होकार धरतात. बारा जण मिठाची गुळणी धरून बसले. त्यात मीही होते, आणि त्याची मला आज लाज वाटत होती.

“दुरुस्तीला किती वेळ?” रायमोने विचारलं.

“तीन आठवडे. पण दुकान बंद करायला एक बटण पुरेल.”

“प्रकाशकाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. करारात आहे ते.”

“ऑस्ट्रेलियाला पन्नास मिनिटं उरलीत, रायमो!”

“मी फोन लावतो. थांब जरा.”

मी थांबले नाही. बटण दाबलं. दहा मिनिटांत तक्रारी आटल्या. कोणीतरी लिहिलं, काय जादू केलीत? मला हायसं वाटलं. रायमो मात्र फोन धरून तसाच उभा होता. त्याने तो स्पीकरवर टाकला.

प्रकाशकाचा माणूस मार्टाइन चिडलाच नाही. “उत्तम केलंत. रविवारपर्यंत दुकान बंदच ठेवा, लोकांना चांगलं लिहू द्या. सोमवारी उघडू.”

“सोमवारी गेम परत अडखळेल,” मी म्हणाले.

“तोवर बहुतेकांचे दोन तास खेळून झालेले असतील. मग पैसे परत मागता येत नाहीत.” उद्या थंडी वाढेल म्हणावं इतक्या सहज त्याने हे सांगितलं आणि फोन ठेवला.

मी फोरम उघडला.

“तैना, नको,” रायमो हळू आवाजात म्हणाला. “हे लिहिलंस तर मला तुला काढावं लागेल. मलाच, कळतंय का?”

“कळतंय.”

“इथे अठ्ठावीस जण आहेत. त्यांचं काय?”

मी कीबोर्ड पुढे ओढला. मी लिहिलं, ‘गेम दुकानामुळे अडखळत होता. आत्ता मी ते बंद केलंय. सोमवारी प्रकाशक ते पुन्हा उघडणार आहेत आणि गेम पुन्हा अडखळेल. पैसे परत हवे असतील तर दोन तास खेळून व्हायच्या आत मागा.’

“निदान नाव तरी घालू नकोस,” तो म्हणाला.

“बिननावाचं कोण खरं मानेल?”

नाव घातलं आणि पाठवून दिलं. रायमो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. त्याने मला अडवलं नाही की शाबासकी दिली नाही. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो.

पहिलं उत्तर न्यूझीलंडहूनच आलं. ‘आता झकास चालतोय. इतका सुंदर गेम कित्येक वर्षांत खेळलो नव्हतो. परत करतोय. धन्यवाद, तैना.’

मला रडू आवरेना.