कॉटनवुड फेरीची रात्र आणि वीणाचं अक्षर

मित्रांनो, मी साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मी राहते. लोक मला पाहायला येतात, माझं कौतुक करतात. पण ते कौतुक मला सोसत नाही. का, ते आज तुम्हाला सांगून टाकते.

१९७३ सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका घरात मी पहिल्यांदा फिरले. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडून मागून आणला होता. आवाजात घरघर येऊ नये म्हणून वीणाने पंखा बंद केला होता. वीणा तेव्हा सतरा वर्षांची होती. माईक हातात धरून ती घामाघूम होऊन बसली होती आणि तिची आई बोलत होती. आई बोलत होती ती शशीशी. शशी म्हणजे वीणाचा थोरला भाऊ. नुकताच डॉक्टर होऊन तो केंब्रिजजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागला होता. आईने माझ्या दोन्ही बाजू भरल्या. वीणाने माझ्यावर कागद चिकटवला आणि निळ्या शाईने लिहिलं, ‘शशीदादासाठी, आई’.

पोस्टाने मी विलायतेला पोचले. शशीने पहिली बाजू सलग दोनदा ऐकली. मग त्याला इतकं भरून आलं, की दुसरी बाजू त्याने रविवारी निवांत ऐकायची ठरवली.

रविवारी दुपारी त्याचा डॉक्टर मित्र मुरलीधर धावत आला.

“शशी, कोट घाल! कॉटनवुड फेरीची दोन तिकिटं मिळालीत. अमेरिकेतला बँड आहे. परत येतील न येतील. तुझा रेकॉर्डर घे आणि एक कोरी टेप घे.”

“आज रविवार. दुकानं बंद आहेत रे.”

“मग जी असेल ती घे!”

खोलीत माझ्याशिवाय दुसरी कॅसेट नव्हती. शशीने मला हातात धरलं, पहिली बाजू वर केली आणि तो म्हणाला, “ही बाजू ऐकून झालीय माझी.”

माझ्या पाठीवर दोन बारक्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की माझ्यावर पुन्हा काही भरता येत नाही. नागपुरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्या शाबूत होत्या, म्हणून मी अडले नाही.

हॉल गच्च भरला होता. शशीने रेकॉर्डर कोटाखाली मांडीवर धरला. फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, सुरू झालं, मग बँजो, आणि मग ती आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार. तिचा सूर लांबवर घसरत जायचा, कोणीतरी दुरून हाक मारावी तसा. मित्रांनो, खरं सांगते, मला ते संगीत फार आवडलं. आईचा आवाज माझ्यावरून पुसला जात होता आणि मी मजेत फिरत होते. ही लाज अजून माझ्या मनातून जात नाही.

मध्यंतरापर्यंत पहिली बाजू संपली. दुसरी बाजू त्याने ऐकलेली नव्हती. तो मला हातात घेऊन बसून राहिला. तेवढ्यात गायक स्टेजवर आला आणि नवं गाणं सुरू झालं.

“अरे, लाव ना!” मुरलीधर म्हणाला.

“यावर आई आहे.”

“दुसरी मागव. आई काय, पुन्हा बोलेल!”

शशीने मला उलटवलं.

आई पुन्हा बोलली नाही. चार महिन्यांनी ती अचानक गेली. शशीची तिकडची वरची परीक्षा तोंडावर होती, त्याला जाता आलं नाही. वीणाने पत्रात लिहिलं, ‘आईचा आवाज आता फक्त तुझ्याकडे आहे. जप.’ शशीने उत्तर पाठवलं, ‘जपून ठेवला आहे.’ मग त्याने हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी वीणाच्या अक्षरावर लावली आणि वर बँडचं नाव लिहिलं. पुढची बत्तीस वर्षं मी खणात पडून होते. वीणा टेपची कॉपी मागायची आणि तो प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगायचा.

२००५ साली त्याचा मुलगा क्षितिज याला मी सापडले. क्षितिज ब्रॅकनेलला आयटीत होता. त्याने इंटरनेटवर विचारपूस केली तेव्हा कळलं, की बँड त्याच दौऱ्यानंतर फुटला होता आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. एका छोट्या कंपनीने माझ्यावरून सीडी काढली. पाठीमागे शशीचं नाव छापलं. माणसं म्हणायची, “काय क्लॅरिटी आहे!” आणि शशी खाली बघायचा.

त्याच उन्हाळ्यात वीणा पहिल्यांदाच हॅरोला आली. क्षितिजने हौसेने मला तिच्या हातात दिलं.

“आत्या, हा कॅसेट बघ. सो रेअर! बाबाने लाइव्ह रेकॉर्ड केला होता.”

वीणाने मला उलटंपालटं केलं. जुनी चिकटपट्टी एका कोपऱ्याला सुटली होती. खाली निळी शाई दिसत होती. तिने नखाने पट्टी सोलली आणि स्वतःचं अक्षर वाचलं.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “हे काय आहे?”

शशीने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. दुसरी बाजू ऐकलीच नव्हती, हेही सांगितलं. क्षितिज भिंतीला टेकून उभा राहिला.

“लाव,” वीणा म्हणाली. “बघू तरी, आईच्या जागी काय आहे.”

मी फिरू लागले. दोन गाणी झाली. टाळ्यांच्या मधोमध एक तरणा आवाज ओरडला, “वा! क्या बात है!”

वीणाने बटण दाबून मला थांबवलं. “हा तू?”

“हो.”

“खूश होतास.”

“हो गं.”

“मग तेवढं तरी पत्रात लिहायचं होतंस. पोरगा तिकडे एकटा रडत असेल, हीच काळजी घेऊन गेली ती.”

त्या दिवशी वीणा शशीशी आणखी एक शब्द बोलली नाही.

मी अजून मागच्या खोलीतल्या टेपरेकॉर्डरमध्येच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शशी चहाचे दोन कप घेऊन मागच्या बागेत गेला. वीणा बाकावर बसली होती. दार ओढून घेण्याआधी त्याचं एवढंच बोलणं माझ्या कानावर आलं, “वीणू, माईक तुझ्या हातात होता. आई काय म्हणाली होती, आठवतं तुला?”

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी काही बोलून ठेवलं असेल, तर ते आधी शेवटपर्यंत ऐका. उद्यावर टाकू नका. आणि तुमच्या हातून काही पुसलं गेलंच, तर ज्याचं गेलं त्याला लगेच सांगा. शशीला ते सांगायला बत्तीस वर्षं लागली.

बागेच्या काचेच्या दारापलीकडे वीणाने कप बाकावर ठेवला. मग ती बोलू लागली. शशीने चष्मा काढून हातात धरला होता. चहा तसाच निवत होता. ती तासभर तरी बोलत असावी. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.