मोतीरामचा पंप

मी एक जुना डिझेल पंप आहे. मित्रांनो, माझ्यासारखे जुने पंप आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मी कोणालाही माफ केलेले नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात चार दट्टे आहेत. इंजिनाच्या चार घरांना मोजून डिझेल पाठवायचे, हे माझे काम. थेंब कमी नको आणि जास्तही नको. माझ्या पाठीवर एक रबरी पडदा आहे. ज्या इंजिनाला टर्बो असतो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असतो, त्याची हवा या पडद्याला ढकलते आणि मग मी डिझेल वाढवतो. जेवढी हवा, तेवढेच डिझेल. हवेपेक्षा डिझेल जास्त झाले की काळा धूर निघतो, आग वाढते आणि शेवटी पिस्टन मेणासारखा वितळतो.

१९९८ साली मी अमितच्या जीपमध्ये बसलो. अमित दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. त्याला शेतीपेक्षा वेगाची गोडी जास्त. पेठच्या वाटेवरच्या घाटात तेव्हा दर हिवाळ्यात गाड्यांची शर्यत भरायची. ती जिंकायचीच, असे ठरवून त्याने जीपचा टर्बो बदलला आणि मला नाशिकच्या अंबडमधल्या पंपरूमवर, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करायच्या दुकानात, मोतीराम भोये यांच्याकडे नेले.

मोतीराम पेठकडच्या डोंगरातले. बोलणे कमी, हात हलका. त्यांनी आधी टाकीपासून येणारी अरुंद नळी काढून रुंद घातली, नवे फिल्टर लावले, इंजिनात डिझेल फवारणारी मोठ्या भोकांची नोझल बसवली. मग मला टेस्ट बेंचवर चढवले. बेंचवर मोटर मला फिरवते आणि माझे डिझेल काचेच्या चार नळ्यांत पडते. चारही नळ्या एका रेषेत येईपर्यंत त्यांनी दोन दिवस घेतले. प्रत्येक नळीत डिझेल बावन्नाच्या रेघेवर. त्यानंतर अमितला शेजारी बसवून त्यांनी स्वतः तीनदा जीप घाटात चढवली. आरशात धुराचा रंग बघत, थांबून डिझेल कमी-जास्त करणारा माझा स्क्रू केसभर फिरवत. चौथ्यांदा चढावर जीपने असा वेग घेतला की अमित हसायलाच लागला.

खाली आल्यावर त्यांनी स्क्रूवर शिशाचे सील ठोकले आणि म्हणाले, "अमितभाऊ, हितून पुढं पाव फेरासुद्धा नाय. टर्बोत हवा तेवढीच हाय. डिझेल वाढवलं तर इंजिन जाईल."

मित्रांनो, माझे सगळ्यात चांगले दिवस ते. मला इतके नीट कोणी ऐकले नव्हते.

त्या वर्षी अमित दुसरा आला. पहिल्या गाडीपेक्षा चार सेकंद मागे. ते चार सेकंद त्याला झोपू देईनात. पुढच्या शर्यतीच्या आठवडाभर आधी मालेगावच्या अलीकडे हायवेवरच्या एका गॅरेजात त्याने सील कापायला लावले आणि माझा स्क्रू पाऊण फेरा आत घातला. सील त्याने खिशात टाकले. जीप सपाटीवर सुसाट पळाली. गॅरेजवाला खूश, अमित खूश. माझ्या पोटातून मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त डिझेल जात होते, आणि ते थांबवायला मला हात नव्हते.

शर्यतीला अमितच्या शेजारी सोमनाथ बसला. सोमनाथ त्याच्या बागेतला माणूस. फवारणी, छाटणी, ट्रॅक्टर, सगळे तोच बघायचा आणि अमितला दादा म्हणायचा. सहाव्या वळणावर तिसरा पिस्टन वितळला. इंजिन जाम झाले, मागची चाके गच्च धरली गेली आणि जीप आडवी घसरत डाव्या अंगाने कड्यावर आदळली. अमितला खरचटलेसुद्धा नाही. डाव्या बाजूला बसलेल्या सोमनाथचा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

अमितने गावभर सांगितले, की मोतीरामने पंप चुकीचा लावला. मोतीरामांनी एकच गोष्ट मागितली, "सील दाखवा." अमित म्हणाला, पंप भंगारात गेला. पंपरूमच्या मालकाने मोतीरामांना कामावरून काढले. नाशिकमधल्या एकाही पंपरूमने त्यांना उभे केले नाही. ज्या हातांनी थेंब मोजला, ते हात गावी जाऊन चिखलात नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपे लावू लागले. हे सारे मला पुढे कळले, कारण मी भंगारात गेलोच नव्हतो. अमितने मला पोत्यात बांधून बागेच्या खोलीत, फवारणीच्या मोरचुदाच्या पिपांमागे टाकले होते.

मी एकटाच साक्षीदार होतो आणि माझे तोंड पोत्यात होते. सात वर्षे मोरचुदाची निळी भुकटी माझ्या अंगात मुरत राहिली. बाहेरून सोमनाथचा लंगडा पाय वाजायचा. तो आता बागेची राखण करायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की मोतीराम भोयेने मला पांगळे केले, दादांनी मला सांभाळले. मला गंज चढत होता आणि त्याच्याबरोबर रागही.

२००६ साली अमितला पुन्हा शर्यतीची हौस आली. जीप दुरुस्त झाली, आणखी मोठा टर्बो लागला. माझ्या जातीचे पंप बनणे बंद झाले होते, म्हणून त्याने पोते सोडले. सात वर्षांत लोक विसरले असतील, असा त्याचा हिशेब. नाशिकच्याच द्वारका भागातल्या एका पंपरूमवर त्याने मला टेबलावर ठेवले आणि समोरच्या मुलीला म्हणाला, "ताई, याला नव्या टर्बोवर ट्यून करा. यंदा माझी बहीण स्नेहल शेजारी बसणार आहे, गाडी एक नंबर पळाली पाहिजे."

त्या मुलीचे नाव तृप्ती. आयटीआयमधून डिझेलचे काम शिकलेली. आडनाव त्याने विचारले नाही.

तिने माझे झाकण उघडले आणि तिचे हात थांबले. मोतीराम सीलवर विसंबत नसत. झाकणाच्या आत, स्क्रूवर एक आणि पंपाच्या अंगावर एक, अशी दोन टिंबे ते टोकदार पंच ठोकून समोरासमोर उमटवत. ही खूण त्यांनी फक्त आपल्या मुलीला शिकवली होती. आज ती टिंबे एकमेकांपासून पाऊण फेरा दूर होती.

तिने मला बेंचवर चढवले. चारही नळ्यांत एकाहत्तर.

त्या संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर तृप्तीने पाना उचलला आणि माझ्या तिसऱ्या दट्ट्याचे डिझेल आणखी वाढवले. पुन्हा तोच पिस्टन वितळेल, पुन्हा तेच वळण येईल. मित्रांनो, मला खूप आनंद झाला. सात वर्षे मी याचीच वाट पाहत होतो. मी मनातल्या मनात म्हणालो, अजून थोडे वाढव.

सकाळी ती आली ती डोळे सुजलेली. आल्या आल्या तिने तो दट्टा पूर्वी होता तसा केला. मला तिचा राग आला. मग ती फोनवर वडिलांशी बोलली तेव्हा मला कळले. "बाबा, त्याच्यासाठी नाही मागे घेतलं. शेजारच्या सीटवर त्याची बहीण बसणार आहे," ती म्हणाली. "पण त्याला मी सोडणार नाही. तुम्ही शनिवारी या."

मग ती दिंडोरीला सोमनाथकडे गेली; हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले. मोतीरामांची मुलगी म्हणताच त्याने तिला शिव्या घालून हाकलले. ती फाटकाबाहेर उभी राहून म्हणाली, की माझ्यावर विश्वास ठेवू नका, शनिवारी येऊन नळ्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

शनिवारी पंपरूममध्ये शर्यतीचे सात-आठ गाडीवाले आपापले पंप घ्यायला जमले होते. अमित आला तेव्हा कोपऱ्यात मोतीराम उभे होते आणि स्टुलावर सोमनाथ. अमितचा चेहरा पडला, पण सगळ्यांसमोर मागे फिरता येईना.

तृप्तीने सगळ्यांना टिंबे दाखवली. मला फिरवले. सोमनाथने वाकून वाचले, एकाहत्तर. मग तिने स्क्रू मागे घेत टिंबे समोरासमोर आणली आणि पुन्हा फिरवले. मोतीराम नळ्यांकडे न बघताच म्हणाले, "बावन्न." सोमनाथने वाचले. चारही नळ्यांत बावन्न होते.

सोमनाथने मान वर केली. "दादा, तुम्ही फिरवला?"

अमितने नळ्यांवरून नजर काढली.

"मला जिंकायचं होतं," अमित म्हणाला.

सोमनाथने कमरेचा बागेच्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला, बेंचवर ठेवला आणि काठी टेकत बाहेर गेला. तृप्ती अमितला म्हणाली, "हा पंप मी लावणार नाही. हे सगळे इथं आहेत, ते आपापल्या गावात सांगतील."

त्यांनी सांगितले. चांदवडपासून इगतपुरीपर्यंत एकही मिस्त्री अमितच्या जीपला हात लावेना. शर्यतीच्या दिवशी ती गोठ्याशेजारी उभी राहिली, आणि नंतर तिथेच तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. ही बातमी मला कळली तेव्हा मी पंपरूमच्या फळीवर होतो. मित्रांनो, तेवढा गोड दिवस मी दुसरा पाहिला नाही.

मोतीराम आता तृप्तीच्या शेजारच्या बेंचवर काम करतात. नजर कमी झाली आहे, पण कानाने ओळखतात. गेल्या वर्षी अमित तिथे आला. केस पिकलेले, आवाज खाली. मोतीरामांनी त्याला स्टूल दिले, पाणी दिले. तो म्हणाला, "मोतीरामभाऊ, मला माफ करा."

मोतीरामांनी हातातला पाना पुसून ठेवला. "माझं काय, माझं काम मला परत मिळालं. माफी मला नका मागू," ते म्हणाले. "सोमनाथचा पाय आणा."

अमित पाणी न पिताच उठला. सोमनाथकडेही तो गेला होता म्हणतात. सोमनाथने दार उघडले नाही.

मित्रांनो, ज्या कामात दुसऱ्याचे मन आणि हात गेले आहेत, ते त्या माणसाला विचारल्याशिवाय बदलू नका. बिघडवलेच, तर त्याच दिवशी चार लोकांत सांगून टाका. त्या दिवशी लाज वाटेल, पण ती लाज माणसाला पेलवते. सात वर्षांनी तीच लाज कोणाच्याच खांद्याला पेलवत नाही. माझ्याकडून दयेची अपेक्षा करू नका. मी पंप आहे. माझ्यात जे घालाल, तेच मी दाबून बाहेर फेकतो.