बीप वाजल्यावर

माझी मावशी आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि मी तिथला कॉम्प्युटरवाला. म्हणजे तो बंद पडला की मी चालू करतो. दर आठवड्याला गरोदर बायकांच्या फोनवर मावशीच्या आवाजातला निरोप जातो: लोहाच्या गोळ्या घ्या, पाय सुजले तर दाखवायला या. शेवटी बीप वाजते, मग बायकांनी शंका विचारायच्या. शंका कुणालाच नसतात. देश बराच पुढे गेला असावा.

या बायकांत मावशीची मुलगीही होती. ताईनं नर्सिंग अर्ध्यावर सोडून पार्लर काढलं, तेव्हापासून मायलेकींचा अबोला. ताईला दिवस गेल्याचं मावशीला शेजारणीकडून कळलं. फोन करायचा तिला धीर होत नव्हता. निरोपात मात्र ती गोळ्यांबद्दल इतका जीव ओतून बोलायची, की मलाही एखादी घ्यावीशी वाटे.

मावशीला एक खोड आहे. जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय तिला बोलणं संपवताच येत नाही. राँग नंबरवाल्यांनाही ती विचारते. एकानं तर भाजी कोणती तेही सांगितलं होतं. त्या आठवड्यात गोळ्यांचं सांगून झालं आणि मी रेकॉर्डिंग थांबवायच्या आत ती सवयीनं म्हणाली, "जेवलीस का गं?"

ते तसंच गेलं. सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उत्तरांनी तुंबला. बायका जेवल्या होत्या. एक जेवली नव्हती, कारण सासू. पाठोपाठ सासूचा खुलासाही होता. एका नवऱ्यानं कळवलं, ती जेवली, मीच राहिलोय. केंद्राचे मोठे साहेब म्हणाले, हा तांत्रिक बिघाड आहे, सगळं पुसून टाक. मावशीनं त्यांनाही विचारलं, जेवलात का. साहेब जरा विचारात पडले आणि जेवायला गेले.

मावशी खुर्ची ओढून एकेक उत्तर ऐकत बसली. कुणाचं शोधतेय, हे मी विचारलं नाही. दुपार टळली. मग एका उत्तरात नुसताच हेअर ड्रायरचा आवाज आला. तो बंद झाला.

"जेवले. गोळीपण घेतली." जरा थांबून, "तू?"

मावशी कॉम्प्युटरला म्हणाली, "नाही अजून."

मी तिला सांगितलं, हे रेकॉर्डिंग आहे, ताईला ऐकू जात नाही. माहितीये, म्हणाली, फोन लाव तिला. मी लावायला घेतला तर माझा हात धरला. डबा उघडून घाईघाईनं चार घास खाल्ले, पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"आता लाव. इतक्या दिवसांनी बोलायचं, त्यात पहिलंच खोटं कशाला?"