हे बंद करू नये

मी एक चिठ्ठी बोलतेय. तळहाताएवढा पिवळा कागद, त्यावर निळ्या शाईत चार शब्द: 'हे बंद करू नये.' सही नाही, तारीख नाही. तरी या रुग्णालयाच्या संगणक-खोलीत मोठ्या डॉक्टरांपेक्षा माझा शब्द चाले.

खरं सांगते, माझा जन्म पंख्यासाठी झाला. खोली तापू नये म्हणून कुणीतरी मला पंख्याच्या बटणावर डकवलं. एकदा मी गळून पडले. झाडणाऱ्या मावशींनी मला उचललं आणि दिसेल त्या बटणावर चिकटवलं. ते निघालं कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकाचं. झालं! तो पठ्ठ्या अकरा वर्षं घुरघुरत बसला. तो काय काम करतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याअर्थी ठाऊक नाही, त्याअर्थी फार महत्त्वाचा असणार, असं सर्वानुमते ठरलं. खोली सांभाळणारे काका त्याला रोज मऊ फडक्याने पुसत. नव्या साहेबांची त्याच्याशी ओळख करून देत.

मग सगळी यंत्रणा सांभाळायला नवी ताई आली.

"काका, हा करतो काय?"

"विचारू नकोस, पोरी. लिहिलंय ना!"

"कुणी लिहिलंय?"

"ज्याला कळत होतं त्याने."

परवा भर दुपारी वीज गेली. जनरेटर रुसला. वर शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बाई होती. तिला कुठलं रक्त चालेल, हे प्रयोगशाळेकडून मुख्य सर्व्हरवर यायला दहा मिनिटं होती. खोलीतले संगणक ज्यावर तग धरून होते, ती बॅटरी उरली होती सहा मिनिटांची.

"काका, अर्धी बॅटरी हा कोपऱ्यातला खातोय. बंद करते."

काका आडवे आले. "अगं, सगळं रुग्णालय यावरच चालत असेल तर?"

ताई गुडघ्यांवर बसली, मागे हात घातला. "याला नेटवर्कची वायरच नाही!"

"बघ! वायरीशिवाय चालवतो!"

ताईने मला बाजूला सारलं आणि बटण दाबलं. काकांनी कानांवर हात ठेवले. घुरघुर थांबली.

आभाळ कोसळलं नाही. सहाची बारा मिनिटं झाली. अहवाल आला, रक्त वर गेलं, बाई वाचली.

काकांनी खुर्चीत बसकण मारली. "याच्यापायी मी लेकीच्या लग्नातून मधेच उठून आलो होतो गं."

ताई हसली नाही. तिने रजेचा अर्ज पुढे केला. "भरा. आठवडाभर तिच्याकडे राहून या."

काका लेकीकडे गेलेत. मी ताईच्या टेबलावर उताणी पडलेय. बाबांनो, हुकूम लिहाल तर कारणही लिहा. आम्हा कागदांना विचारलेल्याचं उत्तर देता येत नाही. आणि एक उपकार करा. काका परतले की त्यांची माफी मागायचीय. त्याआधी माझ्या पाठीवर तेवढी लिहून द्या. ती बाजू अजून कोरी आहे.