पंखांचा नांगर

हीसीवारा गावाच्या रस्त्यासाठी बर्फ सारायचा नवा नांगर घ्यायचं ठरलं, तेव्हा तो कुणी निवडायचा याची चर्चाच झाली नाही. ट्रॅक्टर औलिसचा, पहाटे उठून रस्ता मोकळा करणारा औलिस, मग नांगरही त्यानंच निवडायचा. रस्त्याच्या सोसायटीची सभा शेजारच्या उर्पोच्या स्वयंपाकघरात भरली होती. सगळ्यांची कॉफी झाली, शिकारीच्या गप्पा झाल्या, यंदा कुणाच्या कुत्र्यानं माती खाल्ली तेही झालं. शेवटी अध्यक्ष मार्युकानं विचारलं, "मग औलिस, साधा घ्यायचा की पंखांचा?"

"साधा," औलिस म्हणाला.

कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे आपापल्या कपात बघत बसले. या गावाची ही रीतच आहे. बोलणाऱ्याचं तोंड एक वेळ धरता येईल, पण न बोलणाऱ्याचं काय धरायचं? त्या गप्प बसण्याचा अर्थ औलिसला नीट कळत होता, आणि त्याला कळतोय हे त्या सगळ्यांनाही माहीत होतं.

साधा नांगर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढं तिरकं बसवलेलं एक सरळ पोलादी पातं. ते बर्फ एका अंगाला सारतं आणि रस्ता निघतो. पण काठाला साठलेले ढीग तिथंच राहतात, गोठून दगड होतात आणि दर वेळी थोडे थोडे आत सरकतात. नोव्हेंबरात दोन गाड्या आरामात जातील असा रस्ता मार्चमध्ये जेमतेम एका गाडीचा उरतो. पंखांच्या नांगराला दोन्ही टोकांना बिजागरीवर फिरणारी आणखी दोन पाती असतात. केबिनमध्ये बसून कळ दाबली की ती बाहेर उघडतात आणि काठाचे ढीग लांब रेटून देतात. पुढं मिटली की नांगराचं सूप होतं आणि अंगणातला बर्फ भरून नेता येतो. चार वर्षांपूर्वी सोसायटीनं हाच नांगर घ्यायचं काढलं होतं, तेव्हा मोडता घातला तो औलिसनंच. बिजागरी म्हणजे मोडायला आणखी एक जागा, असं म्हणाला होता, आणि लोकांनी ऐकलं होतं.

गेल्या मार्चमध्ये त्याची बायको हेल्वी गेली.

दोन दिवस वारा आणि बर्फ एकत्र सुटले होते. न्याहारीच्या वेळी हेल्वी म्हणाली, हात जरा दुखतोय. औलिस म्हणाला, पडून राहा, मी शेवटच्या घरापर्यंत जाऊन येतो. त्या भागात एक जुना दंडक आहे, ज्याच्याकडे नांगर, त्याचं अंगण सगळ्यात शेवटी. औलिसच्या बापानं तो पाळला आणि औलिसनंही जन्मभर पाळला. आधी स्वतःचं दार मोकळं करणाऱ्याला गावात मान नाही. दिव्याखाली अंधार असायचाच, असं तो हसून सांगायचा, आणि त्यात अभिमान असायचा. त्या दिवशी तो टोकापर्यंत गेला. मागे हेल्वीनं स्वतःच फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती बर्फाच्या दोन भिंतींमधून कशीबशी वर आली, पण औलिसच्या घराच्या वळणावर वळायला जागाच नव्हती, आणि पुढं अंगणात कमरेएवढा बर्फ. त्यातली दोन माणसं बर्फावरून घसरणारी स्लेज ओढत चालत गेली. औलिस परतला तेव्हा गावातली सगळी अंगणं स्वच्छ होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुग्णवाहिका आधी पोचली असती तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. ते एक वाक्य औलिसनं घट्ट धरून ठेवलं. तेवढ्या वाक्यावर त्यानं उन्हाळा काढला. आता आपल्या हातानं पंखांचा नांगर निवडायचा म्हणजे रस्ता अरुंद होता हे कबूल करायचं, आणि चार वर्षांपूर्वी तो कुणामुळं अरुंद राहिला तेही. हे त्याच्यानं होत नव्हतं.

पण या वेळी नुसत्या त्याच्या मनाचा प्रश्न नव्हता. रस्त्याच्या अगदी शेवटी, दलदलीच्या पलीकडं, त्याची सासू साइमी एकटी राहायची. वय झालेलं, मधुमेह, पायाला बरी न होणारी जखम. रोज सकाळी तालुक्याहून नर्स यायची, सुई टोचायची, पाय बांधायची. गेल्या हिवाळ्यात तिची गाडी त्या टोकाला अडकून पडली होती. यंदा त्यांच्या कचेरीनं साफ कळवलं होतं की रस्ता रुंद राहणार असेल तर येऊ, नाहीतर बर्फ पडायच्या आत म्हातारीला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवा. औलिस म्हणायचा, मी दिवसातून दोनदा नांगर फिरवीन. दोनदा काय, दहादा फिरवला तरी साध्या पात्यानं भिंती मागं सरत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

काजानी शहरातल्या नांगरांच्या दुकानात तो उर्पोला घेऊन गेला. खरं तर उर्पोच गाडीत येऊन बसला, वर म्हणाला की परत येताना गाडीत वजन हवं. दुकानाच्या आवारात दोन्ही नांगर शेजारी शेजारी ठेवले होते. तिथल्या तरुण विक्रेत्यानं पंखांचा नांगर एका ट्रॅक्टरला जोडून दाखवला. पंख हलकेच उघडले, मिटले, एक पुढं एक मागं झाला. औलिस भोवती फिरून खुसपटं काढत राहिला. म्हणाला, या बिजागरीच्या खिळी थंडीत चिकटतील. विक्रेता म्हणाला, आठवड्याला ग्रीस घाला. या तेलाच्या नळ्या उघड्यावर आहेत, फांदी लागून फाटतील. त्यावर पोलादी झाकण येतं, म्हणे. पुढच्या चाकांवर भार फार पडेल. मागं वजन बांधा. एकेक करत औलिसची सगळी कारणं संपली.

"कसा हात पसरून बोलावतोय बघ," उर्पो म्हणाला, "आणि हा पोरगी बघायला गेलेल्या लाजऱ्या नवऱ्यासारखा जमिनीकडं बघतोय."

विक्रेता हसला. औलिस हसला नाही. साधाच बाजूला काढून ठेवा, उद्या पक्कं सांगतो, एवढं बोलून तो गाडीकडं वळला. परतीच्या वाटेवर चर्चचं वळण आलं. मग उर्पोनं समोर बघतच म्हटलं, "साइमीला तूच सांग. मी तर नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी औलिस सासूकडं गेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यानंच आठवड्यापूर्वी खोवलेल्या खुणेच्या काठ्या सरळ उभ्या होत्या. बर्फ अजून पडला नव्हता, पण डबकी सकाळी कडक व्हायला लागली होती. साइमी जवाच्या पिठाची भाकरी भट्टीतून काढत होती. खोलीत पाऊल टाकताच त्याच्या लक्षात आलं की मागावर काही नाही. चिंध्यांची सतरंजी अर्धवट विणलेली असायची, ती कापून गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. म्हातारीनं निघायची तयारी सुरू केली होती. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता.

त्यानं टोपी काढली आणि बाकावर बसला. ती भाकरीवर लोणी लावत होती. तिनं त्याला लहानपणापासून पाहिलेलं, लेक दिल्यावरही जावई म्हणून कधी मान दिला नाही आणि त्यावाचून त्याचं कधी काही अडलंही नाही.

"कुठला घेतलास?" तिनं विचारलं.

"साधा बाजूला काढायला सांगितलाय."

"बरं." भाकरी त्याच्यापुढं ठेवून ती समोर बसली. पाय लांब करून जखमेवरचा पट्टा तिनं नीट केला. "मग मी जाईन. त्याचं काही नाही. पण जायच्या आधी तुला एक सांगायचंय, औलिस. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

औलिसनं भाकरी खाली ठेवली.

"त्या दिवशी हेल्वीनं मला फोन केला होता. छातीत दुखतंय, रुग्णवाहिका बोलावलीय, म्हणाली. मी म्हटलं, औलिस इथंच येतोय, त्याला परत पाठवते. तर म्हणाली, नको, तुझं अंगण होऊ दे आई, मग आपसूकच येईल तो. आणि तू आलास. या खिडकीतून दिसत होतास. मी कोट चढवला होता. बाहेर येऊन नुसता हात केला असता तर तू थांबला असतास." ती थांबली. "नाही आले. म्हटलं, काम करतोय माणूस, अर्ध्यात कशाला थांबवायचं. थोडंसंच तर राहिलंय. माझ्या दारातला बर्फ निघेपर्यंत मी इथं उभी राहिले, औलिस. माझी लेक तिकडं होती आणि मी दार मोकळं व्हायची वाट बघत होते."

औलिसला वाटत होतं की सगळं गाव त्याच्याकडं बोट दाखवतंय, म्हातारी सगळ्यात आधी. आणि ही इथं सात-आठ महिने एकटीच तेच ओझं पाठीवर घेऊन बसली होती. त्याला तिची इतकी कीव आली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

"आई," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही कोट चढवला होतात. मी तर तिला पडून राहा म्हणून सांगून निघालो होतो."

"ते मला ठाऊक आहे. तेही तिनं सांगितलं." साइमीनं डोळे हाताच्या पाठीनं पुसले, पीठ गालाला लागलं. "चूक तुझी होती, माझी होती, तिचीही होती. ती काय कमी हट्टी होती? आता ऐक. तू पंखांचा नांगर घे. मला इथंच मरायचंय, शहरात नाही. पण माझी एक अट आहे. ती मान्य नसेल तर मी आजच पिशवी भरते."

"बोला."

"बर्फ पडला की आधी तुझं अंगण. माझं शेवटी, गावाचं मधे, पण तुझं सगळ्यात आधी."

"असं कुणी करत नाही, आई. माझ्या बापानंसुद्धा... लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणतच नाहीत, तीच तर रड आहे आपली." तिनं भाकरीची ताटली पुन्हा त्याच्याकडं सरकवली. "तू एकटा आहेस त्या घरात. तुलाही वय झालं. उद्या तुझ्या छातीत दुखलं तर गाडी दारापर्यंत आली पाहिजे. एकदा त्या अंगणातून स्लेज ओढत नेली, तेवढी पुरे. जावयाची स्लेज मी बघणार नाही."

औलिसनं भाकरी खाल्ली. ती गरम होती, त्यानं सगळी संपवली. उठताना म्हणाला, दुकान बंद व्हायच्या आत फोन करतो. मग कोपऱ्यातली गुंडाळलेली सतरंजी उचलून त्यानं मागाजवळ नेऊन ठेवली. पुन्हा जोडता येईल का, असं विचारलं. साइमी म्हणाली, कापलेले दोरे जोडता येत नाहीत, नवी घालीन.

पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरच्या मध्यात पडला. रात्रभर पडून सकाळी थांबला तेव्हा कुंपणाचे खांब निम्मे बुडाले होते. औलिसनं ट्रॅक्टर सुरू केला, तो तापेपर्यंत खिळींना ग्रीस घातलं, वर चढला. हात आपोआप फाटकाकडं वळायला लागले, जन्माची सवय ती. त्यानं त्यांना थांबवलं आणि ट्रॅक्टर स्वतःच्या पायऱ्यांकडं वळवला.

हीसीवारात लोक अंथरुणात पडल्या पडल्या नांगराच्या आवाजावरून सांगतात की औलिस आता कुणाकडं आहे. त्या सकाळी आवाज हलेचना. एकाच जागी पुढं-मागं, पुढं-मागं. खिशातला फोन वाजला. उर्पो होता.

"औलिस, बरा आहेस ना तू? आवाज तुझ्याच अंगणातनं येतोय."

"बरा आहे." पुढचे शब्द उच्चारणं औलिसला जड गेलं. "आधी माझं अंगण काढतोय."

पलीकडं उर्पोच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"काढ," उर्पो म्हणाला. "आम्ही थांबतो."

औलिसनं पंख मिटून पायऱ्यांपुढचा बर्फ भरला आणि धान्याच्या कोठारामागं नेऊन टाकला. मग वळणावर येऊन पंख पुरते उघडले आणि दोन्ही काठ मागं रेटत गेला. काम झालं तेव्हा त्या अंगणात रुग्णवाहिका काय, दुधाचा टँकरही एका दमात वळला असता. घरात मात्र कुणी नव्हतं. ज्या बाईसाठी ही वाट इतकी रुंद व्हायला हवी होती, ती चर्चमागच्या मातीत होती आणि तिच्यावरही हाच बर्फ पडला होता. औलिसनं केबिनमध्ये बसून, स्टिअरिंगवर डोकं टेकून, हुंदके देऊन रडून घेतलं. मार्चपासून तो असा रडला नव्हता.

मग त्यानं नाक पुसलं, पंख मिटून फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्यावर येताच त्यानं ते पुन्हा उघडले. बर्फ दोन्ही अंगांना उडत गेला. उर्पोच्या फाटकाशी उर्पो आणि त्याची बायको फावडी घेऊन उभे होते. ट्रॅक्टर समोरून जाताना उर्पोनं तेवढ्या थंडीत टोपी काढून छातीशी धरली, प्रेतयात्रा जाताना धरतात तशी. औलिसनं ते पाहिलं, पण ट्रॅक्टर थांबवला नाही. नर्सची गाडी मागून येत होती आणि साइमीचं घर अजून लांब होतं.